नववं प्रकरण

तात्या, तुमच्या अंत्यविधीला केक होता.

दहनगृहाच्या मागच्या खोलीत प्रत्येकाच्या हातात एक कप कॉफी आणि बशीत केकचा एक काप. पिवळा, कोरडा, घशात अडकणारा. ही इथली रीत मला पहिल्यांदा तुम्हीच समजावून सांगितली होती, आनेकेकाकू गेल्या तेव्हा. "डच माणूस जन्मला की टोस्टवर बडीशेपेच्या गोळ्या, मेला की केकचा काप. मधलं सगळं आयुष्य सँडविच," असं म्हणालात आणि स्वतःच्या बायकोच्या अंत्यविधीला स्वतःच हसलात. या वेळी तो काप हातात धरून मी उभी होते आणि असलं काही बोलणारं तिथे कोणी नव्हतं.

पाऊण तासाची वेळ मिळाली होती. पुढच्या मयताची माणसं बाहेर पार्किंगमध्ये येऊन थांबली होती. तान्याने, तुमच्या मुलीने, स्पीकरवर एक रशियन गाणं लावलं. "पापा लव्ह्ड रशिया," ती जमलेल्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "समथिंग इन मराठी, प्लीज? जस्ट टू सेन्टेन्सेस." तुमच्या लेकीला मराठी सगळं समजतं, पण ती बोलत एक अक्षर नाही. मी उठले आणि मोजून दोन वाक्यं बोलले. तात्यांनी मला माझी मराठी परत दिली. त्यांच्याइतकं माझं कोणी ऐकून घेतलं नाही. मग खाली बसले.

दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण ती तुमच्या शवपेटीसमोर बोलायची वाक्यं होती. चौदा महिने मी तुमच्याशी एक शब्द बोलले नव्हते, हे तिथे सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हीच म्हणायचात, मेलेल्या माणसाबद्दल खोटं लिहिणं हा मराठीतला सगळ्यात लोकप्रिय साहित्यप्रकार आहे. तेव्हा इथे तरी तो मी टाळते आहे.

आपली ओळख झूटरमेरच्या स्टेशनवर झाली. मी प्लॅटफॉर्मवर आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला आणि मागून आवाज आला, "बोपोडी की दापोडी?" वळून बघते तर लोकरीची टोपी घातलेला, काठीइतका सरळ म्हातारा. मी म्हटलं, "बोपोडी. तुम्ही सदाशिव की नारायण?" तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की शेजारची डच बाई दोन पावलं सरकली. "सदाशिव. पण पन्नास वर्षांपूर्वी सोडली," म्हणालात. त्या दोन प्रश्नांत आपण एकमेकांची जात विचारून घेतली होती आणि ते दोघांनाही कळलं होतं. तरी गाडी येईपर्यंत आपण बोलत राहिलो. मी स्लोटरडाइकच्या माझ्या आयटी ऑफिसला त्या दिवशी उशिरा पोचले आणि मॅनेजरला ट्रेनचं खोटं कारण सांगितलं.

तुम्हाला रशियनचं वेड कुठून लागलं ते मी शंभर वेळा ऐकलं आहे. पुण्यात तुमच्या शाळेपाशी सोव्हिएत पुस्तकांची गाडी यायची. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, मराठीत छापलेलं, शाळकरी पोराला परवडेल इतकं स्वस्त. वडील नसलेल्या तुम्हाला त्या गाडीने सगळं जग दिलं. मग तुम्ही रशियन शिकलात, शिष्यवृत्तीवर मॉस्कोला गेलात, तिथे आनेकेकाकू भेटल्या, त्यांच्याबरोबर इकडे आलात आणि डच पोरांना रशियन शिकवत म्हातारे झालात. शेवटी विद्यार्थी आटले आणि विद्यापीठाने विभागच बंद केला. तेव्हा तुम्ही कपाटातली पुस्तकं फीट्सच्या, म्हणजे सायकलच्या, कॅरिअरला बांधून घरी आणलीत, अकरा फेऱ्या मारून.

त्या पुस्तकांतलं एक तुम्हाला मराठीत आणायचं होतं. साखर कारखान्याच्या गावात बीट उपटणाऱ्या पाच बायकांची गोष्ट. एका खेड्यातल्या शाळामास्तरणीने लिहिलेली एकुलती एक कादंबरी. तुम्हाला मराठी टाइप करता येत नव्हतं, मला येत होतं. म्हणून दर रविवारी अकरा वाजता मी लॅपटॉप घेऊन तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर यायचे. डाव्या हातात पुस्तक धरून, मोज्यांवर, हीटरपासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत तुम्ही रशियनमधून थेट मराठीत सांगायचात आणि मी उतरवून घ्यायचे.

पहिल्याच रविवारी मला हसू फुटलं. दिवसभर बीट उपटून आलेली बाई चुलीपाशी बसते आणि तुमच्या मराठीत म्हणते, "अगं बाई, किती गं दमले मी!"

मी म्हटलं, "तात्या, ही बाई बीट उपटून आलीय की मंगळागौर खेळून?"

तुम्ही पुस्तक खाली घेतलंत. मग विचारलंत, "बरं, मग तुझी आजी काय म्हणाली असती?"

"कंबरडं मोडलं की गं माजं."

तुम्ही ते पुटपुटून बघितलंत. एकदा, दोनदा. मग म्हणालात, "लिही."

तिथून ती आपली पद्धतच झाली. पाच वर्षं. बाईच्या तोंडचं वाक्य आलं की तुम्ही थांबायचात आणि विचारायचात, तुझी आजी काय म्हणाली असती? फलटणकडची माझी आजी सोनाबाई, अंगठेबहाद्दर, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली. तिची वाकळ, तिचं माडगं, तिच्या चुलीचा वैल, तिच्या शिव्या, सगळं त्या कादंबरीत गेलं. मला न आठवणारे शब्द मी शनिवारी फोनवर आईला विचारायचे. एकदा आई वैतागली. "कशाला पायजेत गं तुला ते शब्द? किती कष्टानं सोडलेत आम्ही," म्हणाली. मी ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पुस्तक मिटलंत आणि त्या दिवशी पुढे काही सांगितलंच नाहीत. चहा केलात, बशीत चिवडा दिलात. निघताना म्हणालात, "तुझ्या आईला माझा नमस्कार सांग."

अशा माणसावर मी चौदा महिने कशी रागावून राहिले, असं कोणी विचारेल. अशा माणसावरच राहता येतं. बाकीच्यांकडून मी काही अपेक्षाच ठेवलेली नसते.

माझ्या आजोबांची गोष्ट मी तुम्हाला अशाच एका रविवारी सांगितली होती. आजोबा जलशात गायचे, गाणी रचायचे. गावोगाव, कंदिलाच्या उजेडात, बाबासाहेबांचा विचार गाण्यातून सांगत फिरायचे. त्यांचं एक गाणं पुढे एका विद्वानाने लोकगीतांच्या संग्रहात घेतलं आणि खाली छापलं, 'पारंपरिक, कवी अज्ञात'. तेव्हा आजोबा जिवंत होते. गावातच होते. कोणीही एसटीने जाऊन विचारू शकलं असतं.

तुम्ही तांबडेलाल झालात. "कवी अज्ञात म्हणजे काय? आम्ही विचारायला गेलो नाही, एवढाच त्याचा अर्थ," म्हणालात. पुण्याच्या त्या प्रकाशकाला तुम्ही एकामागून एक तीन पत्रं लिहिलीत, तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, पुरावे जोडून. पुढच्या आवृत्तीत आजोबांचं नाव आलं. माझ्या बापाने ते पान फ्रेम करून बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावलं आहे. हे तुम्ही केलंत, तात्या. मी हे विसरले नाही, आणि खरं दुखणं तेच आहे.

मग युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं. त्या रविवारी तुम्ही काही सांगितलं नाहीत. टीव्हीसमोर बसून रडत होतात, उघड, नाक ओढत. "हे माझे लोक नव्हेत," म्हणत होतात. मी तुमच्या पाठीवर हात ठेवला. माझ्यापेक्षा तुमचंच काहीतरी जास्त जळत होतं, हे दिसत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही दाढी करून, पुस्तक हातात घेऊन तयार होतात. "राजकारण्यांनी घातलेल्या घोळाची शिक्षा साहित्याला नको," म्हणालात. मला तेव्हा ते पटलं. खरंच पटलं.

ओक्साना मला गावातल्या वाचनालयात भेटली. गुरुवारी संध्याकाळी तिथे नव्याने आलेल्यांना डच बोलायची सवय व्हावी म्हणून गप्पांचं टेबल असतं आणि मी तिथे मदत करते. ती तिकडे युक्रेनमध्ये शाळेत ग्रंथपाल होती. इथे खेमेंतेने, म्हणजे आपल्या नगरपालिकेने, दिलेल्या एका खोलीत आईबरोबर राहते आणि सकाळी कार्यालयं झाडते. मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं, आम्ही एका रशियन कादंबरीचं भाषांतर करतोय, माझ्या तात्यांना भेटायला चल. माझाही तोच गाढवपणा, तात्या. माझ्या लहानपणीही ती सगळी पुस्तकं 'रशियन'च होती. जॉर्जियातला कवी रशियन, किरगिझ गोष्ट रशियन, युक्रेनची मास्तरीण रशियन. आपल्याकडे ज्याने ज्याने ती पुस्तकं वाचली, त्याने हीच चूक प्रेमाने केली.

ती आली तेव्हा तुम्ही नवा सदरा घातला होतात. दारातच तुम्ही तिचं रशियनमध्ये स्वागत केलंत. काय सुंदर बोलायचात तुम्ही ते. तिने ऐकून घेतलं आणि मोडक्यातोडक्या डचमध्ये उत्तर दिलं. तुम्ही पुन्हा रशियन. ती पुन्हा डच. तिसऱ्यांदा तुमचा आवाज जरा चढला आणि ती शांतपणे म्हणाली, "मला ती भाषा जन्मापासून येते. मी ती सध्या खाली ठेवली आहे."

तुम्ही चहा करायला आत गेलात आणि बराच वेळ आलाच नाहीत. तेवढ्यात तिने टेबलावरचं पुस्तक उचललं, पहिली पानं चाळली आणि मला बारीक अक्षरातली एक ओळ दाखवली. युक्रेनियनमधून भाषांतरित. ती ओळ तुम्ही पन्नास वर्षं बघत आला होतात. मग तिने अनुक्रमणिका बघितली. "आमच्या शाळेत ही कादंबरी होती. पण ती जाड होती," म्हणाली.

दोन महिन्यांनी तिच्या बहिणीने तिकडून मूळ पुस्तकातल्या पानांचे फोटो पाठवले. मूळ पुस्तक पूर्ण रूपात युक्रेनच्या स्वातंत्र्यानंतरच छापलं गेलं, लेखिका गेल्यावर. त्यात नववं प्रकरण होतं. पाच बायकांच्या लहानपणीचं. भुकेचं. सरकारने धान्य उचलून नेल्यावर गावाने काय खाल्लं, कोण कोणत्या क्रमाने गेलं, कापणी झालेल्या रानात पडलेली चार कणसं वेचली म्हणून कोणाच्या आईला नेलं. तुमच्या रशियन प्रतीत त्याचा मागमूस नाही. आठव्यानंतर सरळ दहावं येतं आणि त्यावर नऊचा आकडा आहे. पाचही बायका म्हातारपणी भाकरीचा तुकडा उशीखाली ठेवून का झोपतात, याचं कारणच तुमच्या पुस्तकात नाही. आपण दोघांनी ते वाक्य तीन ठिकाणी लिहिलं होतं आणि तुम्ही म्हणाला होतात, खेड्यातल्या बायकांची असेल काही श्रद्धा.

मी ती पानं छापून रविवारी घेऊन आले. मला वाटलं होतं, तुम्ही आनंदाने उडी माराल. तुमच्याबद्दल मला इतकंही कळत नव्हतं.

"मला ही भाषा येत नाही," तुम्ही म्हणालात.

"रशियनवाल्याला अर्धी कळते, तुम्हीच सांगता."

"अर्ध्या कळणाऱ्या भाषेतून भाषांतर करू? मी काय आयटीवाला आहे?"

"ओक्साना सांगेल, मी लिहीन, तुम्ही तपासा. नाहीतर निदान प्रस्तावनेत एक टीप तरी घाला. ही कादंबरी युक्रेनियन आहे आणि तिच्यातलं एक प्रकरण कापलेलं आहे, एवढीच."

"त्या आवृत्तीला लेखिकेने मान्यता दिली होती, प्रज्ञा."

"नसती दिली तर पुस्तकच निघालं नसतं. दुसऱ्या लेखकांच्या बाबतीत हे तुम्हीच मला शिकवलंय."

तुम्ही खुर्चीवर बसलात. पाच वर्षांत पहिल्यांदा तुम्ही कामाच्या वेळी बसलात. "मी एकवीस वर्षांचा होतो," म्हणालात. "हॉस्टेलवर आई गेल्याची तार आली. पुण्याला जाणं शक्य नव्हतं. पांघरुणात तोंड घालून मी हे पुस्तक वाचलं. या पाच बायकांनी मला त्या हिवाळ्यातून बाहेर काढलं. आता तू मला सांगतेस, ते पुस्तक अर्धवट होतं?"

"हो."

"मग माझं रडणंही अर्धवट होतं का?"

नाही, तात्या. तुमचं रडणं पुरं होतं. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. एक वाक्य होतं आणि ते माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण मला तेव्हा जिंकायचं होतं. मी म्हटलं, "माझ्या आजोबांसाठी तीन पत्रं लिहिलीत. या बाईसाठी एक टीप लिहवत नाही?"

तेव्हा तुम्ही ते बोललात. "तुम्हां लोकांना ना, जिथे तिथे अन्यायच दिसतो."

खोलीत आपण दोघंच होतो. लोक कोण, हे विचारायची मला गरज नव्हती. तुमचं तोंडही तुमच्या शब्दांपाठोपाठ पांढरं पडलं. "म्हणजे तुमची पिढी, तुम्ही आयटीवाले, असं म्हणायचं होतं मला," तुम्ही घाईघाईने म्हणालात. स्टेशनवर आपण जे हसत हसत विचारून घेतलं होतं, ते पाच वर्षं तुमच्या घरात कुठेतरी नीट घडी घालून ठेवलेलं होतं. मी लॅपटॉप पिशवीत घातला. छापलेली पानं टेबलावर तशीच राहिली. जिन्यात मी थांबले, तुम्ही हाक माराल म्हणून. तुम्ही दार लावून घेतलंत.

चौदा एप्रिलला तुमचा मेसेज आला. दरवर्षी यायचा तसाच. 'जय भीम, प्रज्ञा. तात्या.' मी तो उघडला, म्हणजे तुम्हाला दोन निळ्या खुणा दिसल्या असणार. उत्तर दिलं नाही. पुढे एकदा शनिवारच्या बाजारात तुम्ही चीजच्या गाडीपाशी उभे दिसलात, पाठीत वाकलेले, एकटे. मी फीट्स वळवली आणि लांबच्या रस्त्याने घरी गेले. माझ्या बाजूने हे एवढं आहे. ते मी झाकणार नाही.

त्या महिन्यांत ओक्साना आणि मी नववं प्रकरण मराठीत केलं. तिच्या खोलीत, तिची आई शेजारच्या पलंगावर झोपलेली असताना. ओक्साना मोडक्या डचमध्ये अर्थ सांगायची, हातवारे करायची, मी लिहायचे. पाच वर्षांची सवय जात नाही. अडलं की माझ्याच तोंडून निघायचं, आजी काय म्हणाली असती? त्यापुढे कुठे अडून राहिलं नाही. भुकेचे सगळे शब्द आजीकडे होते. तुम्ही तिथे नव्हतात याचं मला दुःख झालं आणि बरंही वाटलं.

अंत्यविधीनंतर आठवड्याने तान्या तुमचा फ्लॅट आवरायला मास्ट्रिख्टहून आली. तिने मला बोलावून एक खोकं दिलं. पुण्याहून छपाईआधीची पानं आली होती, शेवटची नजर टाकून परत पाठवायची होती. "आय कान्ट रीड अ वर्ड," ती म्हणाली. "डू व्हॉट यू थिंक इज राइट. इट्स ऑल युअर्स."

म्हणजे पुस्तक तुम्ही पाठवून दिलं होतंत. मला न सांगता, नवव्या प्रकरणाशिवाय. मनोगताचं पहिलंच वाक्य, 'ही थोर रशियन कादंबरी मराठी वाचकांच्या हाती देताना...' मी वाचत शेवटच्या परिच्छेदाशी आले, जिथे आभार असतात. आपल्या मूळ मसुद्यातले आभार मला पाठ आहेत, कारण ते मीच टाइप केले होते, लाजून, तुम्हाला दोनदा नको म्हणून. 'प्रज्ञा आणि तिची आजी सोनाबाई, या दोघींशिवाय माझ्या पाच बायका मुक्या राहिल्या असत्या.' त्या जागी आता असं छापलं आहे: 'टंकलेखनाचे कंटाळवाणे काम येथील एका भगिनीने आनंदाने केले, तिचे आभार.'

एका भगिनीने. टंकलेखनाचे.

आजोबा निदान कवी तरी होते. अज्ञात का होईना, कवी होते. सोनाबाईची बोली दोनशे पानं तुमच्या बायकांच्या तोंडातून बोलते आणि तिचा पत्ता नाही. तुमचा राग माझ्यावर होता ना? मग म्हातारीचं नाव कशाला पुसलंत? ती तुम्हाला काय बोलली होती? कवी अज्ञात म्हणजे काय, हे ज्याने मला शिकवलं, त्याच माणसाने हे स्वतःच्या हाताने केलं. तुम्ही ते कोणाकडून टाइप करून घेतलंत, हेही मला माहीत नाही. तुम्ही जिवंत असतात तर मी जिना चढून आले असते आणि बिल्डिंग गोळा होईपर्यंत भांडले असते. असं भांडण अर्धवट टाकून जाणं ही निव्वळ लबाडी आहे, तात्या.

मी तान्याला फोन करून सांगणार होते, माझ्याच्याने हे होणार नाही. पण तुमची रशियन प्रत खोक्यात होती, आणि आठवं प्रकरण कुठे संपतं ते एकदा बघावं म्हणून मी ती काल उघडली. त्यात मी टेबलावर सोडलेली पानं निघाली. घडी न घालता, जपून ठेवलेली.

पहिल्या पानावर ओळींच्या मध्ये तुमचं अक्षर होतं, पेन्सिलीने, थरथरतं. शब्दाला शब्द मराठी. कुठे प्रश्नचिन्ह, कुठे खोडलेलं. अर्धी कळणारी भाषा तुम्ही शब्दकोश घेऊन पुरी करत होतात. पहिलं पान पूर्ण, दुसरं निम्मं. बायका कापणी झालेल्या रानात शिरतात तिथपर्यंत. तिथे तुम्ही लिहिलं होतं, 'पीक काढल्यावर शेतात पडून राहिलेली कणसे गोळा करणे'. ते खोडलं होतं. पुन्हा लिहून पुन्हा खोडलं होतं. आणि समासात, 'याला एक शब्द असणारच. प्रज्ञाला विचारणे.'

त्यापुढची पानं कोरी आहेत.

तुम्ही वाचायला घेतलं होतंत. हात दुखेपर्यंत लिहीत होतात. एका शब्दापाशी अडलात आणि विचारण्याऐवजी ते प्रकरण सोडून पुस्तक छापायला धाडलंत. मला विचारायचं म्हणजे आधी काहीतरी दुसरं बोलावं लागलं असतं, म्हणून. पन्नास वर्षं पाच भाषा बोलणाऱ्या माणसाला 'चुकलं' हा एक शब्द सापडला नाही. मला तरी कुठे सापडला? फोन तुमच्याही हातात होता आणि माझ्याही.

तर आता ऐका, मी काय करते आहे ते. नववं प्रकरण पुस्तकात जातंय, आठव्या आणि तुमच्या नवव्याच्या मध्ये. त्याखाली ओक्सानाचं नाव आणि माझं. तुमच्या मनोगतानंतर माझी एक टीप जाते आहे, ही कादंबरी कोणत्या भाषेतली, तिच्यातलं काय कापलं होतं आणि तिच्यातल्या बायका कोणाच्या बोलीत बोलतात, हे सांगणारी. सोनाबाईचं नाव तिथे आहे. तुमच्या मनोगताला मात्र मी हात लावलेला नाही. 'थोर रशियन कादंबरी' तसंच राहील. 'एका भगिनीने' तेही तसंच राहील. तान्या म्हणाली, पुट युअर नेम देअर, पापा वुड हॅव वॉन्टेड इट. मी नाही म्हटलं. पापांना ते पाहिजे होतं की नाही, ते पापांनी सांगायला हवं होतं. तुम्ही काय गाळलंत, ते तुमच्याच शब्दांत छापून राहू दे. शेजारच्या पानावर माझं नाव वाचणाऱ्याला दिसेलच.

आणि तो शब्द. आजी दर सुगीनंतर दुसऱ्याच्या रानात वाकून, पदराची ओटी करून, तेच करायची. मालकाने हाकललं की बांधावर उभी राहायची आणि तो गेला की पुन्हा शिरायची. आम्हाला तो शब्द कधी शोधावा लागला नाही. तुम्ही फोन केला असतात तर मी रागात का होईना, तेवढा सांगून फोन ठेवला असता.

सरवा, तात्या. त्याला सरवा म्हणतात.